शहराने विचारले, तुम्ही सांगितले, पुढे काय?

पाणी वेळेवर येते का? कचरा रोज उचलला जातो का? रात्री रस्त्यावर सुरक्षित वाटते का? असे प्रश्न नागरिकांना अधूनमधून विचारले जातात. उत्तरांची बेरीज होते आणि शहराला क्रमांक मिळतो. हैदराबादच्या उदाहरणातून त्यानंतरचा प्रवास पाहू.

क्रमांक कशातून येतो?

केंद्र सरकारने ४ मार्च २०२१ रोजी राहण्यायोग्य शहरांचा २०२० चा निर्देशांक जाहीर केला. त्यात १११ शहरे होती. एकूण गुणांपैकी ३० टक्के गुण नागरिकांच्या मतांना होते. त्यासाठी देशभरातून सुमारे ३२ लाख लोकांनी मते नोंदवली. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या ४९ शहरांत बंगळुरू पहिले, पुणे दुसरे आणि हैदराबाद चोविसावे आले.

बातमी क्रमांकाची होते. पण 'चोविसावे' या शब्दातून कोणत्या गल्लीत दिवे नाहीत ते कळत नाही. पालिकेच्या खऱ्या उपयोगाची असतात ती प्रश्नवार आणि भागवार उत्तरे.

तक्रार एक, दारे अनेक

रहिवाशाच्या दृष्टीने शहर एकच असते, कारभार मात्र वाटलेला असतो. हैदराबादेत कचरा आणि पथदिवे महानगरपालिकेकडे, पिण्याचे पाणी आणि मलवाहिन्या १९८९ साली स्थापन झालेल्या जलमंडळाकडे, तर वीज वितरण कंपनीकडे. पावसाळ्यात मॅनहोल उफाळून रस्ता खचला, तर दोन कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. म्हणून सर्वेक्षण हाती आल्यावर पहिले काम असते ते प्रत्येक गाऱ्हाण्यासमोर जबाबदार खात्याचे नाव लिहिण्याचे.

दुसरे काम पैशाचे. अंदाजपत्रकात तरतूद झाली नाही, तर नागरिकांचे मत कागदावरच राहते. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घ्यायला सुरुवात केली, ती याच कारणाने मोलाची. तिथे सूचना आणि तरतूद यांची थेट गाठ घालून दिली आहे.

वॉर्डापर्यंत आलेले कार्यालय

हैदराबादेत दर सोमवारी 'प्रजावाणी' भरते आणि नागरिक अधिकाऱ्यांसमोर अर्ज ठेवतात. जून २०२३ मध्ये पालिकेने त्या वेळच्या १५० वॉर्डांसाठी वॉर्ड कार्यालये सुरू केली. स्वच्छता, बांधकाम, डासनिर्मूलन, जलमंडळ अशा वेगवेगळ्या कामांची माणसे एका छताखाली बसावीत आणि तक्रार ठरलेल्या मुदतीत सुटावी, ही त्यामागची कल्पना. दारे अनेक असण्याच्या दुखण्यावर हा नेमका इलाज आहे. तो किती लागू पडतो, हे मात्र तिथे माणसे खरोखर बसतात का आणि त्यांच्या हातात अधिकार किती, यावर ठरते.

कोणाचा आवाज मोजला?

डिसेंबर २०२० च्या पालिका निवडणुकीत निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केले. मतदानाला न आलेला माणूस सर्वेक्षणातही सुटू शकतो. प्रश्न फक्त मोबाइलवर आले, तर कामावरून रात्री परतणारी मोलकरीण किंवा एकटे राहणारे आजोबा सहज राहून जातात. तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी बोलणाऱ्यांच्या या शहरात प्रश्नाची भाषाही महत्त्वाची. म्हणून दारोदार जाऊन, घरच्या भाषेत विचारले पाहिजे. नाहीतर बोलक्या वस्त्यांचे रस्ते आधी होतात आणि गप्प वस्त्या मागे पडतात.

नागरिकाने काय पाहावे?

- निष्कर्ष वॉर्डवार जाहीर झाले का?
- प्रत्येक कामासमोर खाते, मुदत आणि रक्कम लिहिली आहे का?
- जे होणार नाही, त्याचे कारण सांगितले का?
- वर्षभराने तेच प्रश्न पुन्हा विचारले का?

यातला तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत गरजेचा आहे. 'यंदा जमणार नाही, कारण हे' असे स्पष्ट ऐकलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा दार उघडतो. ज्याला काहीच कळवले जात नाही, तो हळूहळू बोलायचेच सोडतो.