नाताळातली परदेशवारी : ऐकीव माहिती आणि वस्तुस्थिती

अनेक मराठी कुटुंबांचा परदेशप्रवासाचा अनुभव मे महिन्याच्या सुट्टीतला असतो. त्याच हिशेबावर नाताळची सहल आखली जाते आणि नातेवाइकांचे सल्ले तिला जोडले जातात. हे सल्ले खोटे नसतात. ते दुसऱ्या ऋतूतले किंवा दुसऱ्या देशातले असतात. डिसेंबरात त्यांतले बरेच लागू पडत नाहीत.

गैरसमज १ : नाताळात युरोपभर बर्फ असतो.

सिनेमे आणि शुभेच्छापत्रे हेच दाखवतात. शिवाय मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला बर्फात खेळून आलेल्यांना वाटते, मेमध्ये इतका, तर डिसेंबरात सगळीकडेच असणार. पण युंगफ्राउयोख ३,४५४ मीटर उंचीवर आहे आणि झुरिच साधारण ४०० मीटरवर. मेमधला तो बर्फ उंचीमुळे टिकलेला असतो. लंडन-पॅरिसकडे अटलांटिकवरून तुलनेने उबदार, दमट वारे येतात, त्यामुळे तिथे २५ डिसेंबरला बर्फापेक्षा पावसाची रिपरिप अधिक संभवते. मुलांना बर्फ दाखवायचा असेल, तर मुक्काम उंच डोंगरात हवा. त्यात लंडनला या दिवसांत चारच्या आतच सूर्य मावळतो आणि दिवस आठ तासांचाही नसतो. उन्हाळ्यातला कार्यक्रम त्यात बसवू नये.

गैरसमज २ : सणाच्या दिवशी शहर गजबजलेले असते.

गणपती-दिवाळीला रस्ते फुललेले पाहणाऱ्यांना आणि गोव्यातला नाताळ अनुभवलेल्यांना असे वाटणे स्वाभाविक आहे. युरोपात मात्र नाताळ हा मुख्यतः घरात, कुटुंबासोबत साजरा होणारा सण आहे. लंडनमध्ये २५ डिसेंबरला ट्यूब, शहर बस आणि रेल्वे तिन्ही बंद असतात. पॅरिसचे लूव्र संग्रहालयही त्या दिवशी बंद असते. न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध नाताळ-बाजार २४ तारखेलाच आवरतो. तेव्हा रोषणाई आणि बाजार आधीच पाहून घ्यावेत, पंचवीसच्या जेवणाची सोय आदल्या दिवशी करावी आणि त्या दिवशी विमान असेल तर गाडी अगोदर ठरवावी.

गैरसमज ३ : युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी पंधरा दिवस पुरतात.

ओळखीत कुणाला तरी आठवड्यात व्हिसा मिळालेला असतो, म्हणून हे खरे वाटते. नियमातही पंधरा दिवसांचा उल्लेख आहे. पण ते दिवस अर्ज दाखल झाल्यापासून मोजतात, आणि निर्णयाला ४५ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. अर्ज दाखल करण्यासाठी आधी भेटीची वेळ मिळवावी लागते, तो काळ वेगळाच. सुट्टीच्या तोंडावर या वेळा मिळणे अवघड होते. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. २० डिसेंबरला निघणाऱ्यांनी २० जूनपासूनची मुदत वापरावी. अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र असतो, तान्ह्या बाळाचासुद्धा. आणि हा व्हिसा इंग्लंडला चालत नाही.

गैरसमज ४ : पासपोर्टची मुदत संपलेली नसली की झाले.

मुदत म्हणजे मुदत, हा तर्क सरळ आहे. पण अनेक देश त्यापुढची तारीख पाहतात. सिंगापूर, इंडोनेशिया आणि संयुक्त अरब अमिराती यांना पासपोर्ट किमान सहा महिने वैध लागतो. शेंगेन देश सोडल्यानंतर तो आणखी तीन महिने वैध असावा लागतो. घोळ बहुधा मुलांच्या पासपोर्टमुळे होतो. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, लहान मुलांचा पाच वर्षांचा. एकाच दिवशी काढलेले असले, तरी मुलाचा आधी संपतो. तिकिटे काढण्यापूर्वी घरातले सगळे पासपोर्ट टेबलावर मांडून शेवटच्या तारखा वाचाव्यात.

गैरसमज ५ : घरचा फराळ न्यायला कुणाची हरकत नसते.

शेजाऱ्यांच्या बॅगेतून लाडू सुखरूप गेले, एवढ्यावर हा विश्वास उभा असतो. प्रत्येक बॅग उघडली जात नाही, म्हणून ते गेले. नियम बदलला नाही. अनारशाला लावलेली खसखस अफूच्या बोंडातली असते, आणि अमिराती व सिंगापूरमध्ये तिला बंदी आहे. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. घरचे तूप आणि खवा त्यातच मोडतात. न्यूझीलंडमध्ये निषिद्ध खाद्यपदार्थ लपवल्यास जागेवर ४०० डॉलरचा दंड होऊ शकतो, मात्र प्रामाणिकपणे लिहून दाखवलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो. शंका असलेली प्रत्येक पुडी घोषणापत्रात लिहावी.

गैरसमज ६ : कार्डाच्या यंत्रावर रुपये निवडले की नुकसान टळते.

आपल्या चलनातला आकडा समोर दिसला की मनाला खात्री वाटते. पण तो दर दुकानाच्या यंत्रामागची संस्था ठरवते आणि त्यात तिचा नफा धरलेला असतो. स्थानिक चलन निवडलेले सहसा स्वस्त पडते.

सल्ला देणारे आपलेच असतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो. त्यांचे जरूर ऐकावे. पण पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ आणि विमान कंपनीचे नियम स्वतः वाचावेत. विमानतळावरचा अधिकारी नियमाकडे पाहतो, मावसभावाच्या अनुभवाकडे नाही.