सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२मध्ये एक नियम केला: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद. सुरुवातीला काहींनी ते हसण्यावारी नेलं. मग आशा सेविका, अंगणवाडीसेविका, शिक्षक दारोदार फिरले.

एकट्याने फोन बाजूला ठेवला, तर बाकीच्यांच्या गप्पा चालूच असतात आणि जीव तिकडे ओढ घेतो. सगळा गाव एकदम थांबला की ती चुटपुट बरीच कमी होते.

गावात भोंगा नसेल, तर निदान फोन नजरेआड करून पाहता येतो. टेक्सास विद्यापीठाच्या २०१७च्या अभ्यासात फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी तो टेबलावर पालथा ठेवलेल्यांपेक्षा बुद्धीच्या चाचण्या सरस सोडवल्या. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत हा फरक दिसला नाही, हेही खरं. तरी रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून पाहावा. गजराला साधं घड्याळ पुरतं.