सौर बॅटरी संचातील आम्लाचे मापन : उपकरणाच्या निवडीचा विचार

दिनांक १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर प्रदेशाचा वीजपुरवठा खंडित झाला आणि मुंबई विद्यापीठाच्या काही ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१५ च्या नेट मीटरिंग विनियमांनंतर शहरातील पुष्कळ गच्च्यांवर सौर तावदाने आली. मात्र विद्युतजालाशी जोडलेली, बॅटरीविरहित यंत्रणा पुरवठा जाताच भर उन्हातही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी तसे करणे आवश्यकच असते. म्हणून प्रयोगशाळा, संगणक कक्ष किंवा परीक्षा विभाग सुरू ठेवू पाहणाऱ्या संस्थेला बॅटरी संचाचा विचार करावा लागतो. प्रस्तुत लेखात शिसे-आम्ल प्रकारच्या, पाणी घालता येणाऱ्या नळीदार घटांचाच विचार केला आहे. बंदिस्त बॅटरी व लिथियम बॅटरी यांतील द्रव काढून तपासता येत नाही. त्यांना हे विवेचन लागू नाही.

घट विसर्जित होताना द्रावणातील गंधकाम्ल खर्ची पडते व विशिष्ट गुरुत्व उतरते. सौर उपयोगाच्या नळीदार घटात पूर्ण प्रभारित अवस्थेत ते साधारणतः १.२४० असते, कारागीर त्यास 'ग्रॅव्हिटी बाराशे चाळीस' म्हणतात. व्होल्टमापक हाताशी असताना द्रव काढण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. स्थिर अवस्थेतील घटाचा दाब म्हणजे विशिष्ट गुरुत्व अधिक ०.८४, हा स्थूल नियम येथे उपयोगी पडतो. २४ घटांच्या संचाचा दाब त्यानुसार ४९.९२ व्होल्ट येतो. त्यांपैकी एका घटाचे गुरुत्व ०.०४० ने घसरले, तर एकूण दाब ४९.८८ होतो. हा फरक एक-दशसहस्रांशाच्या आठपट, म्हणजे एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. सामान्य मापकावर तो कोणाच्याही लक्षात येणार नाही. तो दुबळा घट मात्र प्रत्येक विसर्जनात इतरांआधी रिकामा होतो व अखेरीस संपूर्ण माळ निकामी करतो.

म्हणजे उपकरणाकडून अपेक्षा आहे ती घटाघटांतील फरक दाखविण्याची. घटांमध्ये ०.०२० ते ०.०३० इतका फरक आढळल्यास समकारी प्रभारण करावे, असे उत्पादकांच्या सूचनांत सामान्यतः असते. या कसोटीवर मोटारीच्या बॅटरीसाठी मिळणारे रंगीत गोळ्यांचे साधन तत्काळ बाद ठरते. इन्व्हर्टरच्या बॅटरीवरील लाल-हिरवा तरंगक तर केवळ पाण्याची पातळी दाखवितो; त्यालाच प्रभाराचा दर्शक मानण्याची चूक सुशिक्षितांकडूनही होते.

अपवर्तनांकमापकास, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरला, दोन-तीन थेंब पुरतात, हा त्याचा मोठा गुण. अरुंद तोंडाच्या घटांसाठी तो सोयीचा आहे. परंतु प्रचलित स्वस्त उपकरणांवर बॅटरीच्या मापपट्टीचा लहानात लहान भाग बहुधा ०.०१० चा असतो. ज्या फरकावर निर्णय घ्यायचा तो अवघ्या दोन भागांत मावतो. शिवाय प्रत्येक घटानंतर लोलक पुसावा लागतो आणि आम्लाने भिजलेल्या चिंध्यांची विल्हेवाट हा स्वतंत्र प्रश्न होऊन बसतो.

लांब दांड्याचा, १.१०० ते १.३०० अशा मर्यादित पल्ल्याचा व ०.००५ किंवा त्याहून बारीक भागांचा काचेचा हायड्रोमीटर आजही सर्वांत भरवशाचा म्हणावा लागेल. आर्किमिडीजच्या तत्त्वाखेरीज त्यात काही नाही. तो मात्र उभा धरावा लागतो, तरंगक नळीच्या भिंतीला चिकटलेला नसावा लागतो, आणि हवेचे बुडबुडे चिकटल्यास वाचन फसवे अधिक येते. कंप पावणाऱ्या नळीवर आधारलेला अंकीय घनतामापक ०.००१ पर्यंतचा फरक दाखवितो व नोंदी स्वतः साठवितो. त्याची किंमत शेकडो घटांच्या संचासच परवडते.

तापमानाचा मुद्दा बारकाईने पाहणे इष्ट. भारतात बॅटरीचे विशिष्ट गुरुत्व २७ अंश सेल्सिअसला सांगण्याचा प्रघात आहे, तर परदेशी उपकरणे अनेकदा २० किंवा २५ अंशांस प्रमाणित केलेली असतात. दर अंशामागे सुमारे ०.०००७ चा फरक पडतो. भांडुपसारख्या ठिकाणी मे महिन्यात बॅटरी-खोलीतील द्रावण ३७ अंशांवर असेल, तर १.२३३ हे वाचन प्रत्यक्षात १.२४० ठरते. 'स्वयंचलित तापमान-दुरुस्ती' असे लिहिलेल्या उपकरणाबाबत ती दुरुस्ती कोणत्या अंशाकडे नेते हे खरेदीपूर्वीच विचारावे. एकाच नोंदवहीत २० व २७ अंशांची वाचने मिसळली, तर ०.००५ चा दोष कोणत्याही घटाचा नसताना निर्माण होतो.

पावसाळ्यात आणखी एक अडचण उद्भवते. चार महिने ढगाळ हवेत संच पूर्ण प्रभारित होत नाही, बुडबुडे उठून द्रव ढवळला जात नाही, आणि प्रभारणात निर्माण झालेले जड आम्ल तळाशी साचते. अशा वेळी वरच्या थरातून घेतलेला नमुना, तो कितीही अचूक उपकरणाने मोजला तरी, खोटे बोलतो. शुद्ध जल घातल्यावर लगेच घेतलेल्या नमुन्याचेही तसेच. उपकरणासोबत लांब शोषनलिका घेणे येथे बारीक मापपट्टीपेक्षा अधिक मोलाचे ठरते.

हे काम बहुधा प्रयोगशाळा परिचर किंवा शिपाई करतात, हे खरेदीच्या वेळी विसरले जाते. डोळ्यांवर चष्मा, हातमोजे, जवळ खाण्याच्या सोड्याचे द्रावण व वाहती हवा यांची तरतूद उपकरणाच्याच देयकात असावी. प्रभारणात निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांच्या वर गेला की ठिणगीने पेट घेतो.

महाविद्यालयांना एक सोय आहे, जी कारखान्याबाहेर इतरांस सहसा नसते. रसायनशास्त्र विभागात विशिष्ट गुरुत्वाची कुपी व तराजू असतो. ज्ञात घनतेचे सौम्य गंधकाम्ल तयार करून वर्षातून एकदा हायड्रोमीटर त्यात बुडवावा, त्याची चूक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावी, आणि शुद्ध पाण्याने अंकीय मापक तपासताना २७ अंशांस ०.९९६५ हे वाचन येते की नाही ते पाहावे.