विश्लेषण : इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या चार वर्षांची आखणी कशी करावी?

देशातली पहिली विजेवर चालणारी रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली आणि हार्बर मार्गाने कुर्ल्याला पोहोचली. शंभर वर्षांनंतर त्याच कुर्ल्यातून इलेक्ट्रिकल शिकायला निघालेला विद्यार्थी दोन स्थानके ओलांडून माटुंग्याच्या व्हीजेटीआयला जातो, किंवा घाटकोपरला मेट्रो पकडून अंधेरीच्या सरदार पटेल महाविद्यालयात. प्रवेश मिळेपर्यंत घरात सगळ्यांना सीईटीचे पर्सेंटाइल आणि कॅप फेऱ्या तोंडपाठ असतात. प्रवेश झाल्यावर मात्र कोणत्या सत्रात कोणता विषय, मायनर कोणता, इंटर्नशिप कधी, याकडे फारसे कोणी पाहत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यातले बरेच निर्णय विद्यार्थ्याच्या हातात आले आहेत. चुकीच्या निर्णयाची किंमत तिसऱ्या वर्षी कळते.

नव्या रचनेत काय बदलले?

पूर्वी विद्यापीठ ठरवील ते विषय शिकायचे आणि शेवटच्या दोन वर्षांत चार-पाच ऐच्छिक विषयांवर खूण करायची, एवढाच निवडीचा भाग होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने अभियांत्रिकी पदवीचा जो आराखडा दिला, त्यात चार वर्षांत १६० ते १७६ श्रेयांक मिळवायचे आहेत. त्यात शाखेचे मुख्य विषय आणि शाखेतलेच ऐच्छिक विषय येतात. त्याशिवाय दुसऱ्या विद्याशाखेतला १४ श्रेयांकांचा मायनर, खुले ऐच्छिक विषय, कौशल्य विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, प्रकल्प आणि प्रत्यक्ष उद्योगातली इंटर्नशिप आहे. ज्याला ऑनर्स किंवा दुसरा मायनर हवा, त्याने आणखी १८ ते २० श्रेयांक मिळवायचे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ च्या प्रथम वर्षापासून लागू झाली. व्हीजेटीआयसारख्या स्वायत्त संस्था आपला अभ्यासक्रम स्वतः आखतात, त्यामुळे विषयांची नावे आणि क्रम महाविद्यालयागणिक बदलतो. शेजारच्या इमारतीतल्या दादाच्या जुन्या नोट्स उपयोगी पडतील, त्याचे वेळापत्रक पडेलच असे नाही.

श्रेयांक म्हणजे आठवड्याचे किती तास?

हिशेब सोपा आहे. आठवड्याला एक तास व्याख्यान, असे सत्रभर झाले की एक श्रेयांक. प्रयोगशाळेत मात्र त्याच एका श्रेयांकासाठी आठवड्याला दोन तास द्यावे लागतात. १६० श्रेयांक आठ सत्रांत वाटले तर सत्राला २० येतात. त्यातले १४ व्याख्यानांचे आणि ६ प्रयोगशाळेचे धरले तर आठवड्याला २६ तास महाविद्यालयातच जातात. जर्नल, सबमिशन, ओरलची तयारी आणि गर्दीच्या वेळी कुर्ल्याचा पूल चढण्या-उतरण्याचा वेळ यात धरलेला नाही. ऑनर्सचे जादा श्रेयांक घ्यायचे की नाही, हे या आकड्यावरून ठरवावे. मित्राने घेतले म्हणून घेतलेले ऑनर्स सहाव्या सत्रात गळ्याशी येते.

कोणता विषय कशावर उभा आहे?

आखणीचा गाभा हाच. इलेक्ट्रिकलचे विषय सुटे सुटे नाहीत, ते एकावर एक रचलेले आहेत. कुर्ला कारशेडमध्ये उभी असलेली एखादी लोकल डोळ्यांसमोर आणा. १९२५ मध्ये वरच्या तारेत १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर २०१६ पर्यंत त्याची जागा २५,००० व्होल्टच्या एसीने घेतली. आजच्या गाडीत हा उच्च दाब आधी ट्रान्सफॉर्मर खाली आणतो. मग कन्व्हर्टर त्या एसीचा डीसी करतो. पुढे इन्व्हर्टर त्या डीसीपासून हव्या त्या वारंवारितेचा थ्री-फेज एसी तयार करतो आणि त्यावर इंडक्शन मोटर फिरते. ब्रेक लावला की हीच मोटर जनित्र होते आणि वीज तारेत परत जाते.

ट्रान्सफॉर्मर आणि इंडक्शन मोटर ‘इलेक्ट्रिकल मशीन्स’मध्ये येतात, कन्व्हर्टर-इन्व्हर्टर ‘पॉवर इलेक्ट्रॉनिक्स’मध्ये. वेग हवा तसा ठेवणे हे ‘कंट्रोल सिस्टिम्स’चे काम, आणि हे सगळे एकत्र येते ते ‘ड्राइव्ह्ज’ या विषयात. तारेपर्यंत वीज कशी पोहोचते, ते ‘पॉवर सिस्टिम्स’ सांगतो. या सगळ्यांच्या तळाशी ‘सर्किट्स’ किंवा ‘नेटवर्क’ नावाचा विषय आहे, आणि त्याच्याही खाली गणित : संमिश्र संख्या, अवकल समीकरणे, मॅट्रिक्स, लाप्लास रूपांतर. संमिश्र संख्या कच्च्या असतील तर एसी सर्किटचा फेझर कळत नाही. फेझर कळला नाही की इंडक्शन मोटरचे इक्विव्हॅलंट सर्किट पाठ करावे लागते. पाठ केलेले सर्किट परीक्षेपर्यंत टिकते, ड्राइव्ह्जच्या वर्गापर्यंत टिकत नाही. लाप्लास आणि कंट्रोलचेही तसेच.

म्हणून वेळ कमी असेल तर तो पहिल्या वर्षीचे गणित आणि दुसऱ्या वर्षीचे सर्किट्स यांवर खर्च करावा. अनेक जण उलटे करतात. पहिल्या वर्षी ‘सगळ्या शाखांना सारखेच आहे’ म्हणून गणित कसेबसे काढतात आणि तिसऱ्या वर्षी इलेक्ट्रिक वाहनांच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे गोळा करतात. वाहनाच्या मोटरचा कंट्रोलर समजायला लागणारे गणित मात्र मागेच राहिलेले असते.

केटी कुठे महाग पडते?

मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षे चालत आलेला नियम असा : पहिल्या दोन सत्रांचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सत्रात प्रवेश नाही आणि तिसऱ्या-चौथ्याचे सुटल्याशिवाय सातव्यात नाही. स्वायत्त संस्थांचे नियम वेगळे असतात. आपल्या महाविद्यालयाचा नियम पहिल्याच आठवड्यात परीक्षा विभागात विचारून घ्यावा. एखाद्या खुल्या ऐच्छिक विषयात केटी लागली तर ती एकटीच राहते. सर्किट्सची केटी मशीन्स आणि कंट्रोलमध्ये पुन्हा दिसते, आणि मग एका सत्रात चार नवे विषय आणि दोन जुने असा गाडा ओढावा लागतो. त्यातून इयर डाऊन झाले तर एका वर्षाची फी आणि एका वर्षाचा पगार, दोन्ही जातात. अशा वेळी त्या सत्रात जादा श्रेयांकांना हात न लावणे हेच शहाणपणाचे.

मायनर आणि ऐच्छिक विषय कसे निवडावेत?

संगणक किंवा डेटाशी संबंधित मायनरकडे सगळ्यात जास्त गर्दी असते, आणि त्यात गैर काही नाही. कॅम्पसवर येणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना तो चालतो आणि स्मार्ट मीटरपासून ग्रिडच्या नियंत्रण कक्षापर्यंत प्रोग्रामिंग लागतेच. पण मायनर संगणकाचा, खुले ऐच्छिक विषय संगणकाचे आणि शाखेतले ऐच्छिकही ‘सोपे’ बघून घेतले, तर हाती इलेक्ट्रिकलची पदवी येते आणि इलेक्ट्रिकल येत नाही. एक बाजू बाहेरची घेतली तर दुसरी घट्ट शाखेतली ठेवावी, असे या लेखकाचे मत आहे.

शाखेतले काय घ्यावे याचे उत्तर मुंबईच देते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्यांवर बिघाड झाला. मुंबईला उर्वरित जाळ्यापासून वेगळे करून वाचवणारी ‘आयलंडिंग’ व्यवस्था टिकली नाही. शहर अंधारात गेले आणि लोकल रुळांवरच थांबल्या. ‘स्विचगिअर अँड प्रोटेक्शन’ हा रटाळ समजला जाणारा विषय त्या सकाळचा विषय होता. शहरात बाहेरून जास्त वीज आणण्यासाठी कुडूस ते आरे असा १,००० मेगावॉटचा एचव्हीडीसी प्रकल्प हाती घेण्यात आला. एचव्हीडीसीचा ऐच्छिक विषय परदेशातल्या ग्रिडपुरता आहे, असे म्हणायची सोय त्यामुळे उरलेली नाही.

महाविद्यालयात हवा तो विषय शिकवायला प्राध्यापकच नसेल तर ‘स्वयम’ आणि एनपीटीईएलचा पर्याय आहे. नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करता येतात. पण ते श्रेयांक धरायचे की नाही हे महाविद्यालय ठरवते. त्यामुळे आधी लेखी मान्यता, मग नोंदणी. परीक्षा देऊन आल्यावर अर्ज घेऊन फिरणारे विद्यार्थी दर सत्रात दिसतात.

‘गेट’ द्यायची असेल तर?

इलेक्ट्रिकलच्या ‘गेट’मध्ये सर्किट्स, मशीन्स, पॉवर सिस्टिम्स, कंट्रोल, सिग्नल्स, मापन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, अॅनालॉग-डिजिटल, विद्युतचुंबकीय क्षेत्रे आणि गणित असते. म्हणजे चौथ्या-पाचव्या सत्रापर्यंतचा अभ्यास नीट झाला तर वेगळा अभ्यासक्रम फारसा उरत नाही. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही ही परीक्षा देता येते आणि गुण तीन वर्षे चालतात. सातव्या-आठव्या सत्रात इंटर्नशिप येणार असेल तर तिसऱ्या वर्षीच एकदा देऊन पाहिलेली बरी.

शाखेचे नाव का तपासावे?

कुर्ला पश्चिमेला प्रीमियर रोडवरच्या डॉन बॉस्को इन्स्टिट्यूटमध्ये इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन आहे. घराजवळ म्हणून ती शाखा घेणे हा चांगला निर्णय असू शकतो. मात्र इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स यांत फरक नाही असे समजून तो घेऊ नये. महावितरण, महापारेषणच्या सहायक अभियंता पदांच्या जाहिरातींत इलेक्ट्रिकलच्या पदवीची अट असते. चार वर्षांनी अर्ज भरताना पदवीवर छापलेले नाव बघितले जाते, आवड नाही.

डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांचे काय?

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, मग डिप्लोमा, मग पदवी हा रस्ता कुर्ल्यात नवा नाही, इथे शासकीय आयटीआय आहे. या मुलांचा हात मशीन्सच्या प्रयोगशाळेत इतरांपेक्षा चांगला चालतो. वायरिंग बघून दोष सांगतात. पण पहिल्या वर्षीचे गणित त्यांनी केलेले नसते आणि तिसऱ्या सत्राचा प्राध्यापक ते झाले आहे असे धरून चालतो. निकाल लागून वर्ग सुरू होईपर्यंतची सुट्टी अवकलन, समाकलन आणि संमिश्र संख्यांना द्यावी. त्या सत्रात बाकी काही जास्तीचे घेऊ नये.

मध्येच थांबावे लागले तर?

वडिलांची नोकरी गेली, घर बदलले, कोणी आजारी पडले : कारणे सांगून येत नाहीत. नव्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते, त्यासाठी ठरलेले कौशल्य श्रेयांक जादा पूर्ण करावे लागतात. बाजारात या प्रमाणपत्राला किती किंमत मिळेल याबद्दल फार आशा ठेवू नये. त्याहून महत्त्वाची आहे शैक्षणिक श्रेयांक बँक. तिथे जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात आणि परत आल्यावर तिथून पुढे शिकता येते. त्यासाठी बँकेतले खाते आधी उघडलेले असावे लागते आणि प्रत्येक सत्राचे श्रेयांक खरोखर जमा झाले आहेत का, ते पाहावे लागते. निकालानंतर आठवडाभराने एकदा लॉगिन करून ते बघावे. एखाद्या विषयाचे श्रेयांक दिसत नसतील तर त्याच सत्रात परीक्षा विभागात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.