टाचेचा कौल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पहाटेच्या अजानला उठून पलंगावरून पाय खाली टेकवायचे, यात सांगण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या वर्षी सात-आठ महिने माझ्या दिवसातला सगळ्यांत अवघड क्षण तोच होता. उजवी टाच फरशीला लागली की कुणी खालून दाभण खुपसावं तशी कळ यायची. भिंतीला धरून, पावलाच्या कडेवर चालत मी वजूला जायचो. पंधरा-वीस पावलं झाली की कळ ओसरायची. आठच्या सुमारास चहा घेताना तर काही दुखत होतं हेही आठवायचं नाही. आणि माझी फसगत नेमकी तिथंच होत होती.

कारण मी धावतो. कवी धावतो म्हटलं की लोक हसतात. कुणाच्या मागे, असंही विचारतात. पन्नाशी ओलांडली तेव्हा रक्तातली साखर सीमारेषेवर येऊन उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालता चालता कधी पळायला लागलो, कळलं नाही. साखर मागे सरकली. त्यामुळे पळणं सोडायचं म्हणजे माझ्या दृष्टीनं नुसता छंद सोडणं नव्हतं.

साताऱ्यात पळणाऱ्याची परीक्षा ठरलेली आहे. २०१२ सालापासून पावसाळ्यात इथं हिल मॅरेथॉन होते. अंतर अर्ध्या मॅरेथॉनचं, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या किंचित वर. शहरातून बोगद्याकडे जायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं, मागे फिरायचं आणि तोच घाट उतरून परत यायचं. डोंगरी शर्यतीत सर्वाधिक धावपटू, असा गिनेसचा विक्रम या शर्यतीनं २०१५ मध्ये नोंदवला. मी नाव घातलं, हुरूप आला आणि एका महिन्यात रोजचं अंतर जवळजवळ दुप्पट केलं. टाचेनं त्याचीच पावती दिली.

अम्माचा उपाय तयार होता. वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि टाच शेकायची. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? पण पहाट आली की दाभण हजर. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी डोळे मिटायला सांगून तळपायाला ठिकठिकाणी स्पर्श केला आणि कळतंय का ते विचारलं. साखरेचा इतिहास असलेल्या माणसानं पाय बधिर नाहीत ना, हे आधी पाहायचं असतं. ज्या पायाला दुखणंच कळत नाही, तो पळवायचा नसतो. माझा पाय पास झाला. मग त्यांनी नाव सांगितलं, प्लांटर फॅसायटिस.

तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा असतो. पावलाची कमान हे धनुष्य मानलं, तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. पाऊल उचलताना बोटं वर वाकतात, तेव्हा तो पट्टा बोटांच्या मुळाशी गुंडाळल्यासारखा ताणला जातो, कमान उंचावते आणि पाऊल ताठ होऊन आपल्याला पुढे ढकलतं. १९५४ मध्ये हिक्स नावाच्या इंग्रज संशोधकानं ही क्रिया मांडताना उपमा दिली ती रहाटाची. दोर गुंडाळावा आणि बादली वर यावी, तशी. ही उपमा मला सुचायला हवी होती, असं वाटून थोडा हेवाही वाटला.

हा रहाट एकवीस किलोमीटरमध्ये हजारो वेळा फिरतो. एकदम भार वाढला की दोर टाचेपाशी, जिथं तो हाडाला बांधलेला असतो तिथं झिजतो. 'आयटिस' म्हणजे दाह. पण जुनाट दुखण्यातले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा दाहापेक्षा झिजलेले, विस्कटलेले धागेच जास्त दिसले, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. रात्री पाऊल सैल पडून राहतं, पट्टा आखडतो आणि पहाटेचं पहिलं पाऊल त्याला एकदम ताणतं. माझ्या एक्स-रेमध्ये टाचेला हाडाचं टोकही निघालं होतं. मी घाबरलो. डॉक्टर हसून म्हणाले, "असं टोक कधी टाच न दुखलेल्या कितीतरी लोकांनाही असतं. त्याच्याशी भांडू नका."

उपाय दोन सांगितले. पहिला, पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हातानं मागे ओढून पट्टा ताणायचा. ऐकता ऐकता मला नमाजमधली बैठक आठवली. उजवं पाऊल उभं, बोटं वाकवून जमिनीला टेकवलेली. जवळजवळ तोच ताण! त्या बैठकीत टाच कुरकुरायची म्हणून मी खुर्ची घेण्याच्या विचारात होतो. तो विचार सोडला.

दुसरा उपाय जिन्याचा. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घालायची आणि एका पायावर टाच उचलायची. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. सोपं झालं की पाठीवर दप्तर घेऊन वजन वाढवायचं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हा व्यायाम नुसत्या ताणण्याशी ताडून पाहिला होता. तीन महिन्यांनी व्यायामवाले स्पष्ट पुढे होते. वर्षअखेरीस दोघं बरोबरीला आले. म्हणजे वेळ लागतोच. मी दप्तरात जुने दिवाळी अंक भरले. आपल्या वाङ्मयाचं वजन किती, ते तेव्हा कळलं.

इंजेक्शनचंही विचारलं. "कळ काही आठवडे थांबेल," डॉक्टर म्हणाले, "पण पट्टा तुटण्याचा धोका असतो. आणि कळ थांबली की तुम्ही थांबणार नाही." माणूस ओळखून होते. पळण्याला त्यांनी बंदी घातली नाही, एक हिशेब दिला. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. पळताना चारपर्यंत चालेल, पण चाल बदलता कामा नये. आणि खरा निकाल पळताना लागत नाही, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावलाला लागतो. ते पाऊल आदल्या दिवसापेक्षा वाईट असेल, तर कालचं पळणं जास्त झालं. अंगात ऊब आली की कळ दबते. दबलेली कळ म्हणजे बरी झालेली टाच, असं मी महिनोन्महिने मानत होतो.

शर्यतीच्या पहाटे टाचेला तीन गुण दिले. पाऊस भुरभुरत होता. बोगद्यापर्यंत कळ होती, घाटात ती गेली. चढावर पोटऱ्या आणि चवडे राबतात. मी छोटी पावलं टाकत, अधूनमधून चालत वर गेलो. धुक्यात दरी दिसत नव्हती, पुढच्यांचे श्वास तेवढे ऐकू येत होते. वळणबिंदूला पोचलो तेव्हा वाटलं, आज टाच नाहीच. आता उतार, आता वेळ भरून काढू. आणि तीनएक किलोमीटर मी तसा सुटलोही. उतारावर प्रत्येक पाऊल टाचेवर आदळतं. घाट निम्मा उतरलो आणि माझ्या लक्षात आलं की मी पावलाच्या बाहेरच्या कडेवर पळतोय, पहाटे वजूला जातो तसा. टाचेला वाचवायला गुडघा वाकडा पडत होता.

शेजारच्या एका तरुणानं खिशातून गोळी काढली. "काका, घ्या, काही होत नाही." प्रेमानंच देत होता. पण घामानं अंगातलं पाणी गेलेलं असताना अशा वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात. ऐंशी किलोमीटरच्या शर्यतीतल्या धावपटूंची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आयब्युप्रोफेन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या मूत्रपिंडावर ताण आढळला, नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांमध्ये तो ३४ टक्क्यांना होता. आमची शर्यत त्याच्या चतुर्थांश, हे खरं. तरी मला त्या गोळीची दुसरीच भीती वाटली. कळ गप्प झाली असती, तर मी कडेवरच पळत राहिलो असतो.

मी चालायला लागलो. ज्यांना चढावर मागे टाकलं होतं, ते सगळे हसत, हात हलवत पुढे गेले. साठीच्या एक बाई "चला, चला भाऊ" म्हणून गेल्या. ते चार किलोमीटर फार लांब होते. रस्ता सपाट झाल्यावर चाल तपासली, सरळ वाटली, मग जपून पळालो. घरून ठरवून आलेल्या वेळेपेक्षा बावीस मिनिटं उशिरा पोचलो. पदक सगळ्यांना देतात तसं मलाही दिलं. अम्मानं ते हातात घेऊन पाहिलं आणि वीट तापत ठेवली.

दुसऱ्या दिवशी अजान झाली तेव्हा मी जागाच होतो. बोटं मागे ओढली, दहापर्यंत मोजलं, पाय खाली टेकवला. पाच. तीनाचे पाच झाले होते. उताराच्या त्या तीन किलोमीटरचे ते दोन. आठवडाभर पळणं बंद ठेवलं. नवव्या दिवशी टाच पुन्हा तीनावर आली, आणि संध्याकाळी मी दप्तर घेऊन जिन्याच्या पायरीवर उभा राहिलो. त्यात दोन दिवाळी अंक वाढवले होते.