नोकरी सांभाळून एकट्याचा प्रवास

पोटासाठीं माणूस एका जागीं बांधला जातो आणि मनासाठीं तो त्या जागेपासून दूर जाऊं पाहतो. या दोन ओढींचा मेळ घालणें सर्वांनाच साधतें असें नाहीं. कांहीं जण निवृत्तीची वाट पाहत राहतात आणि तोंपर्यंत गुडघे कुरकुरूं लागतात. कांहीं जण उलट वागतात. खोट्या आजारपणाचा अर्ज टाकून ते पळ काढतात आणि कचेरींतील आपली पत गमावून बसतात. हे दोन्ही मार्ग टाळून, पूर्ण वेळेची नोकरी नेकीनें करीत, वरचेवर आणि एकट्यानें प्रवास करतां येईल काय? बुलढाण्यासारख्या डोंगरमाथ्यावरील गांवीं नोकरी करणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें हा प्रश्न पाहिला म्हणजे त्याचें उत्तर सोपें होतें.

प्रथम दिवसांचा जमाखर्च मांडावा. महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पांच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्यामुळें तेथील नोकरदाराला वर्षांतून सुमारें १०४ दिवस साप्ताहिक सुटीचे मिळतात. शिवाय ८ दिवसांची नैमित्तिक रजा आणि ३० दिवसांची अर्जित रजा असते. बँकेंत दुसरा व चौथा शनिवार १ सप्टेंबर २०१५ पासून सुटीचा झाला. तेथें रविवार धरून हा आंकडा ७६ होतो. दुकानांत वा कारखान्यांत काम करणाऱ्यास मात्र आठवड्याचा एकच दिवस मिळतो. शिवाय कागदावर मोकळे दिसणारे हे सारे दिवस खरोखर मोकळे नसतात. आईवडिलांची औषधें, मुलांचा अभ्यास, लग्नकार्यें, घराची डागडुजी यांचाही त्यांवर हक्क असतो. अर्जित रजा तर संकटकाळची पुंजी होय. ती सगळी फिरण्यांत उडविणारा माणूस पुढें आजारपणांत उघडा पडतो. म्हणून महिन्यांतून एक सुटी प्रवासाची आणि बाकीच्या घराच्या, असा हिशेब ठेवणें शहाणपणाचें. तेवढ्यानेंही वर्षांत बारा प्रवास होतात, आणि बारा प्रवास म्हणजे थोडे नव्हेत.

पण एका सुटींत किती दूर जावें? येथेंच पुष्कळांची चूक होते. बुलढाण्याहून मलकापूरचें स्टेशन सुमारें ४५ किलोमीटर. तेथून गाडी गांठून दूरच्या शहरीं जावयाचें आणि सोमवारीं सकाळीं कामावर हजर व्हावयाचें, तर दोन रात्री प्रवासांत जातात. दिवस वाचला असें वाटतें. परंतु त्याची किंमत झोपेच्या रूपानें द्यावी लागते आणि सोमवारचें अर्धें काम जांभया देत होतें. रात्रीच्या रस्त्याचा धोका निराळाच. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एका खाजगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी दगावले. त्या अभागी जीवांचा त्यांत कांहींच दोष नव्हता. परंतु ज्याला उजेडांत जातां येतें, त्यानें केवळ एक रजा वांचविण्यासाठीं रात्र पत्करूं नये, एवढा बोध त्यांतून घेण्यास हरकत नाहीं.

अंतर कमी केलें म्हणजे आनंद कमी होतो, ही समजूत खोटी आहे. गणिती व इतिहाससंशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी यांचें उदाहरण या बाबतींत पाहण्यासारखें आहे. त्यांचें घर पुण्यास आणि नोकरी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत. डेक्कन क्वीननें ते जात-येत. एवढें असूनही पुण्याभोंवतालचे डोंगर, लेणीं, जुने घाटमार्ग आणि खेड्यांतील देवस्थानें त्यांनीं पायांखालीं घातलीं. कधीं सोबती असत, कधीं नसत. दगडाचीं बारीक प्राचीन हत्यारें हुडकीत आणि शेंदूर फांसलेल्या देवांची चौकशी करीत त्यांनीं जें गोळा केलें, त्याचा उपयोग १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथांत झाला. प्रवास जवळचाच होता. परंतु त्याला एक प्रश्न जोडलेला होता, आणि त्याच त्या वाटेनें पुनःपुन्हा जाण्याची तयारी होती.

बुलढाणा जिल्ह्यांत अशा वाटा कमी नाहींत. एकट्या लोणारचाच विचार करावा. उल्केच्या आघातानें बसाल्ट खडकांत पडलेला हा खळगा सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याचें वय पूर्वीं सुमारें ५०,००० वर्षें समजत. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तें सुमारें ५,७०,००० वर्षें ठरविलें. तळाशीं खारट आणि क्षारयुक्त पाणी, तर कांठावर गोमुखांतून पडणारी गोड्या पाण्याची धार. भोंवतीं जुनीं देवळें आणि गांवांत दैत्यसूदनाचें शिल्पसमृद्ध मंदिर. पहिल्या खेपेस कांठावरून सरोवर पाहावें, दुसऱ्या खेपेस केवळ देवळें, तिसऱ्या खेपेस हिंवाळ्यांतले पक्षी. जून २०२० मध्यें हें पाणी अचानक गुलाबी झालें. क्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें तसें घडल्याचें पुढें तपासांत दिसून आलें. ज्यानें तें पूर्वीं हिरवट पाहिलें होतें, त्यालाच त्या गुलाबी रंगाचें खरें नवल वाटलें असेल. एकदांच येऊन गेलेल्या पाहुण्यास असा बदल कधींच कळत नाहीं. वरचेवर जाणाऱ्याला मिळणारें धन तें हेंच. सिंदखेडराजास लखुजी जाधवांचा वाडा व समाधि, उत्तरेस जळगांव जामोदपलीकडे सातपुड्याचा पायथा, मध्यें पूर्णेचें काळें खोरें, असे आणखी किती तरी विषय एकेका दिवसांत बसतात.

एकटेपणाचा अर्थही नीट समजून घ्यावा. सोबत्याची सुटी आपल्या सुटीशीं जुळत नाहीं, म्हणून एकट्यानें निघणें सोयीचें. शिवाय एखाद्या शिल्पापुढें तासभर उभें राहिलें तरी कोणी घाई करीत नाहीं. परंतु पाय मुरगळला तर हांक मारण्यासही कोणी नसतें. यासाठीं निघतांना कोठें जातों आणि केव्हां परततों, हें एका तरी माणसास सांगून ठेवावें. बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत तर वनखात्याच्या नियमांबाहेर एकट्यानें शिरूंच नये. १ डिसेंबर २०१९ च्या सुमारास यवतमाळकडील टिपेश्वराहून निघालेला एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरांहून अधिक भटकून तेथें येऊन पोंचला होता. तो खरा एकटा प्रवासी! पण त्याला ना हजेरीपत्रक होतें, ना वाट पाहणारें घर. माणसाला दोन्ही असतात.

स्त्रियांची अडचण आणखी निराळी आहे. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. च्या गाड्यांत स्त्रियांना अर्धें तिकीट झालें. त्यामुळें खर्चाचा भार हलका झाला. परंतु नोकरी करणाऱ्या स्त्रीचा रविवार बहुधा चुलीपुढें आणि धुण्याच्या ढिगापुढें जातो. प्रवासाचा दिवस मिळविण्यापूर्वीं तिला सुटीचा दिवसच मिळवावा लागतो. ‘एकटीच कशाला?’ असें विचारणाऱ्या घरानें त्या दिवशींचा स्वयंपाक कोण करील, हें आधीं ठरवावें. मग निम्मा प्रश्न सुटेल. उरलेला निम्मा विश्वासानें सुटेल.

विश्वास हाच या साऱ्या व्यवहाराचा पाया आहे. शासकीय नोकरानें सुटींतही मुख्यालय सोडतांना परवानगी घ्यावी. टेबलावरचें काम निकालांत काढून निघावें. राहिलेलें काम शेजारच्या सहकाऱ्याच्या माथीं पडतें, हें विसरूं नये. मुक्कामीं पोंचतांच वाहतूक नियंत्रकाकडे परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारावी, आणि त्या गाडीवर विसंबून न राहतां तिच्या आधींची धरावी. रात्रीं वेळेवर घरीं आल्यास झोप होते, आणि दुसऱ्या दिवशीं कचेरींत ताजें मन घेऊन जातां येतें.

असा माणूस पुढच्या महिन्यांत पुन्हा निघाला, तर कोणी कपाळाला आठी घालीत नाहीं. वरचेवर जाण्याची मोकळीक रजेच्या नियमांतून थोडी मिळते. वेळेवर परत येण्याच्या संवयींतून ती पुष्कळ अधिक मिळते.