दहा टक्के उचल ‘चालते’ हा गैरसमज

शोधनिबंध सादर करायची तारीख जवळ आली की महाविद्यालयांत एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘दहा टक्क्यांपर्यंत चालतं.’ निबंधाचा दहावा हिस्सा दुसऱ्याचा उतरवला तरी हरकत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. हा अर्थ साफ चुकीचा आहे.

या समजुतीचे मूळ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत आहे. तिने साम्याच्या चार पातळ्या ठरवल्या. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून त्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास विद्यार्थ्याला जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रत द्यावी लागते; ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही; ६० टक्क्यांच्या पुढे नोंदणीच रद्द होते. यातले ‘दंड नाही’ एवढेच लक्षात राहिले आणि त्याची ‘परवानगी आहे’ अशी अफवा झाली. त्याच नियमावलीत वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे: दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून मांडणे. या व्याख्येत टक्क्यांचा उल्लेखही नाही. कल्पना उचलली तर एकही शब्द जुळत नसताना चोरी होते.

मुळात साम्य तपासणारी संगणकप्रणाली चोरी मोजत नाही, फक्त जुळणारे शब्द दाखवते. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला उतारा, संदर्भसूची, कायद्यांची नावे, प्रमाणित समीकरणे हेही जुळतातच; म्हणून नियमावलीने अशा गोष्टी मोजणीतून वगळल्या आहेत. उलट, इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत आणून खाली नाव न दिल्यास अहवाल कोरा येऊ शकतो, तरीही ती चोरीच असते. मराठीत शोधलेखन करणाऱ्यांनी हे तर पक्के ध्यानात ठेवायला हवे.

टक्के उतरवण्यासाठी शब्द बदलण्याचा उद्योग याच गैरसमजातून येतो. समजा, मूळ वाक्य असे आहे: ‘सततच्या दुष्काळामुळे गावातील तरुणांचे शहराकडे स्थलांतर वाढले.’ त्याचे रूपांतर होते: ‘वारंवारच्या अवर्षणामुळे खेड्यातील युवकांचे नगराकडे स्थलांतर वाढले.’ वाक्याचा सांगाडा तोच, विचार तोच, नाव मात्र गायब. यात भर काहीच पडली नाही, मराठी तेवढी अवघडली. योग्य रीत सोपी आहे. मजकूर समजेपर्यंत वाचावा, पुस्तक मिटावे, कळलेले आपल्या वाक्यात लिहावे, मग मुळाशी ताडून पाहावे आणि लेखकाचे नाव, वर्ष व पृष्ठ तिथेच नोंदवावे. त्यापुढे स्वतःचे निरीक्षण यावे: आपण पाहिलेल्या गावात स्थलांतराचे कारण दुष्काळच आहे, की शिक्षण, की जमिनीची वाटणी? शोधनिबंध इथून सुरू होतो. टिपणे काढतानाच पृष्ठ क्रमांक लिहिणाऱ्याला शेवटच्या रात्री टक्के मोजत बसावे लागत नाही.

इतर गैरसमज थोडक्यात:

‘निबंध जितका लांब तितका भारी.’ डीएनएची रचना मांडणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध ‘नेचर’मध्ये पानभराहून थोडासाच मोठा होता.

‘गृहीतक खोटे ठरले म्हणजे संशोधन वाया गेले.’ मायकेलसन आणि मोर्ली यांना १८८७ मध्ये, प्रकाशाचे माध्यम मानल्या गेलेल्या ईथरमुळे अपेक्षित असलेला परिणाम सापडला नाही, आणि तो न सापडणे हीच भौतिकशास्त्रातली मोठी घटना ठरली.

‘स्वतःचाच जुना निबंध पुन्हा वापरला तर कुणाची चोरी?’ आधी प्रसिद्ध झालेला मजकूर तसा उल्लेख न करता नवा म्हणून देणे ही वाचकाची फसवणूक आहे.

‘गोषवारा सुरुवातीला छापतात, म्हणून आधी लिहावा.’ निष्कर्ष हाती आल्यावरच त्यांचा गोषवारा नीट लिहिता येतो.

‘संदर्भ एआय शोधून देते.’ ते अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि लेखही खऱ्यासारखे लिहून देते. म्हणून स्वतः उघडून न वाचलेला संदर्भ सूचीत घालू नये.

‘संदर्भ फार दिले तर निबंध उसना वाटतो.’ संदर्भामुळे दुसऱ्याचे कुठे संपले आणि आपले कुठे सुरू झाले, ते वाचकाला दिसते. परीक्षक गुण देतो ते या आपल्या भागाला.